तारखेखाली दुसरा आकडा आहे की डायचा टवका उडालाय? जुन्या ब्रिटिश नाण्यांबद्दलची नेहमीची शंका

आजोबा बोटीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ पेनी निघाल्या, सगळ्या व्हिक्टोरिया राणीच्या, मानेवर अंबाडा बांधलेल्या. संग्राहक ह्यांना ‘बन पेनी’ म्हणतात. १८६० ते १८९४ पर्यंत ह्या पाडल्या गेल्या. त्यातल्या १८६५ च्या पेनीवर शेवटच्या ५ च्या पोटात काहीतरी वळलेलं दिसत होतं. १८६५ ची पेनी ३ वर ५ ठोकलेली अशी खरोखरच मिळते आणि साध्या पेनीपेक्षा ती बरीच दुर्मीळ आहे, हे मी नुकतंच वाचलं होतं. पंधरा दिवस मी भिंगातून तो ३ शोधत होते, आणि जसजशी शोधत गेले तसतसा तो दिसतही गेला.

तो ३ नव्हता. डायचा, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या पोलादी साच्याचा, बारीकसा टवका उडाला होता.

तेव्हापासून ओळखीतले लोक मला फोटो दाखवतात. “ताई, ह्या ८ खाली ७ आहे ना?” “६ च्या आत काय दिसतंय?” शंका दर वेळी तीच असते आणि फसण्याच्या जागाही त्याच. म्हणून माझी तपासण्याची पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. एक लक्षात ठेवा: मी मराठी अंक लिहीत असले तरी नाण्यावर इंग्रजी अंक आहेत. ३, ५, ७, ८ म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्रजी आकार आणा, नाहीतर पुढचं वर्णन जुळणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. ‘ओव्हरस्ट्राइक’ आणि ‘ओव्हरडेट’ हे शब्द लोक सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात, पण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाडून झालेल्या नाण्यावरच पुन्हा नवा छाप मारला, तर तो ओव्हरस्ट्राइक. ब्रिटिश नाण्यांतलं ह्याचं ठळक उदाहरण म्हणजे १८०४ चा बँक ऑफ इंग्लंडचा पाच शिलिंगचा डॉलर. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनच्या यंत्रांवर स्पेनच्या आठ रेआलच्या नाण्यांवर तो छापला गेला. खालचं स्पॅनिश नाणं नीट दबलं नसेल तर त्याची अक्षरं, कधीकधी त्याचं सालसुद्धा तिसऱ्या जॉर्जच्या चेहऱ्याभोवती डोकावतं. अशा खुणा नाण्यावर कुठेही, कुठल्याही कोनात असू शकतात, आणि प्रत्येक नाण्यावर वेगळ्या असतात.

ओव्हरडेटमध्ये नाणं एकदाच छापलेलं असतं. बदल झालेला असतो डायमध्ये. आधीच्या सालाचा आकडा असलेल्या डायवर नवा आकडा ठोकलेला असतो. म्हणून खूण फक्त त्या आकड्यापाशी दिसते, आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी दिसते. पेनी, शिलिंग, सहापेनी ह्यांच्याबाबतीत लोकांना बहुतेक वेळा हेच विचारायचं असतं.

डायवर आकडा कसा यायचा

हे समजलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. मूळ नक्षीवरून पोलादी पंच, म्हणजे उठावाचा ठसा, तयार व्हायचा, आणि त्या पंचाने कामाच्या डाया दाबून काढायच्या. पण साल दर वर्षी बदलणार. म्हणून व्हिक्टोरियाच्या काळातल्या पुष्कळ डायांवर शेवटचा एक किंवा दोन आकडे सुट्या पंचांनी हाताने ठोकले जात. ठोकणारा माणूसच असल्यामुळे आकडा कधी किंचित वर, कधी खाली, कधी तिरका पडतो, आकड्यांमधलं अंतरही कमीजास्त होतं. पहिला घाव नीट बसला नाही तर तोच आकडा पुन्हा ठोकायचा. डाय बनवायला मेहनत आणि पैसा लागायचा, त्यामुळे न वापरलेली जुनी डाय उरली तर ती टाकून न देता जुना आकडा जमेल तेवढा घासून त्यावर नवा ठोकायचा.

१८६० चं तांब्याचं मोठं नाणं ह्याच गरजेतून आलं. त्या वर्षी तांब्याच्या जड पेनीची जागा ब्राँझच्या हलक्या पेनीने घेतली. जुन्या प्रकारच्या शेवटच्या थोड्या पेनींसाठी १८५९ च्या डाया वापरल्या गेल्या, आणि ५९ वर ६० ठोकलेली ती दुर्मीळ पेनी जन्माला आली. कोणी “१८६० ची, ५९ वर ६०” असं म्हणून पेनी दाखवली तर मी भिंग काढायच्या आधी वजनकाटा काढते. तांब्याची पेनी साधारण १८.८ ग्रॅम आणि ३४ मिलिमीटर, ब्राँझची साधारण ९.४ ग्रॅम आणि जेमतेम ३१ मिलिमीटर. तांब्याच्या पेनीवर साल राणीच्या मानेखाली असतं, ब्राँझच्या पेनीवर मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, पायाखाली. हातातली पेनी ब्राँझची असेल तर ती ह्या प्रकारातली नाही, तिच्या शून्याच्या पोटात काहीही दिसो.

पहिली तपासणी: उंच की खोल

डायमध्ये जे खोदलेलं असतं ते नाण्यावर उठून येतं. त्यामुळे खालच्या आकड्याची खूण नाण्यावर उंचच असणार. डायला गेलेला तडाही नाण्यावर उंच रेघ म्हणून उमटतो, कारण धातू त्या फटीत शिरतो. टवका उडाला तर तिथे उंचवटा येतो. ह्याउलट ओरखडा, ठेच, टोचा हे नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर झालेले असतात आणि ते खोल असतात. ठेच लागली की धातू बाजूला सरकून खड्ड्याच्या काठावर बारीक वरंबा तयार होतो. नुसता वरंबा पाहून फसू नका, शेजारी खड्डा आहे का ते पाहा.

म्हणजे खोल खूण दिसली की ओव्हरडेटचा प्रश्न तिथेच संपतो. उंच खूण दिसली तर मात्र काम सुरू होतं, कारण दोष आणि खालचा आकडा दोन्ही उंचच असतात.

फोटोवरून उंच-खोल ठरवताना फार जपून. प्रकाश कुठून येतोय हे माहीत नसेल तर मेंदू खड्ड्याचा उंचवटा करतो आणि उंचवट्याचा खड्डा. मी एकच दिवा, डावीकडून वर, अगदी कमी उंचीवर ठेवते आणि त्याच चौकटीत शेजारचं एखादं अक्षर येऊ देते. अक्षर उंच आहे हे नक्की असतं, त्याची सावली ज्या बाजूला पडते त्याच बाजूला खुणेची पडली तर खूणही उंच. मग नाणं नव्वद अंशांत फिरवून पुन्हा फोटो. चारही बाजूंच्या प्रकाशात जी रेघ टिकते तीच खरी. मोबाइलच्या मोठ्या झूमवर विसंबू नका. फोन चित्र ‘सुबक’ करायच्या नादात कडांभोवती पांढरी किनार काढतो, आणि ती किनार हुबेहूब दुसऱ्या आकड्यासारखी दिसते. दहापट भिंग डोळ्याला लावून जे दिसत नाही, ते फोनमध्ये दिसलं तरी मी धरत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा: ८, ६ आणि ९ चं पोट

डाय उलटी असते. नाण्यावर उंच दिसणारा ८ डायमध्ये खोल चर असतो, आणि त्याच्या दोन पोटांतली सपाट जागा म्हणजे डायमध्ये चराने वेढलेले पोलादाचे दोन चिमुकले खांब. हजारो वेळा आघात सोसून हे खांब झिजतात, त्यांचा टवका उडतो, कधी अख्खा खांबच मोडतो. मग नाण्यावर ८ चं पोट अर्धवट किंवा पूर्ण भरलेलं दिसतं. लोकांना त्यात ३ दिसतो, ६ दिसतो, ७ चा दांडा दिसतो. खालचा आकडा म्हणून मला दाखवलेल्या नाण्यांत सर्वांत मोठी भरती ह्यांचीच आहे.

उलट प्रकारही होतो. डायच्या चरात वंगण आणि धुळीचा लगदा बसला की तिथे धातू शिरत नाही आणि आकड्याचा तुकडा गायब होतो. ८ चा ३ होतो, ६ चं तोंड उघडतं. १८६० च्या काही पेनींवर ‘वन’ ह्या शब्दातल्या इंग्रजी ‘ई’ चा खालचा दांडा नाही आणि तो ‘एफ’ वाचला जातो. त्यामुळे आकडा ‘वेगळा’ दिसला तर दोन बाजूंनी विचार करा. काही जास्तीचं आलंय, की होतं ते आलं नाही?

खरी खूण कशी दिसते हे माझ्याकडच्या १८५८ च्या तांब्याच्या पेनीवरून सांगते. ७ वर ८ हा प्रकार ह्या सालात चांगलाच परिचित आहे आणि बऱ्यापैकी सापडतो, सरावासाठी उत्तम. ८ च्या वरच्या डाव्या खांद्याबाहेर एक छोटं टोक निघालंय, ते ७ च्या आडव्या पट्टीचं. वरच्या पोटात तीच पट्टी सरळ पुढे जाते. खालच्या पोटात तिरपा दांडा आहे. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, पण मनात रेघ जोडली की एकच ७ होतो, शेजारच्या आकड्यांच्याच उंचीचा आणि जाडीचा. टवक्याला असा आकार नसतो. त्याची कड वेडीवाकडी असते आणि तो एकाच जागी, एकाच भिंतीला चिकटलेला असतो.

म्हणून माझा आग्रह असा की निदान दोन सुटे तुकडे हवेत, आणि ते दोन्ही एकाच आकड्याच्या रेघेवर बसले पाहिजेत. एका तुकड्यावरून आकडा ठरवू नका. माझ्या १८६५ च्या पेनीने मला हेच शिकवलं. इंग्रजी ३ आणि ५ चं खालचं पोट जवळजवळ एकावर एक बसतं. त्यामुळे ३ चा पुरावा शोधायचा तो वरच्या अर्ध्यात, जिथे ५ ला सरळ मान आणि सपाट पट्टी असते आणि ३ ला गोलाई. माझी ‘वळलेली’ खूण खालच्या पोटात होती. तिथे ३ असता तरी तो दिसलाच नसता.

आकार जुळवायला घरच्या घरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे, त्याच प्रकारच्या आणि शक्यतो जवळच्या सालाच्या नाण्यावरच्या त्या आकड्याचा फोटो घ्यायचा, तो अर्धपारदर्शक करून संशयित आकड्यावर ठेवायचा. ३ चा नमुना १८६३ च्या बन पेनीवरून घ्या. छापील अक्षरांतला ३ किंवा दुसऱ्या नाण्यावरचा ३ चालणार नाही, कारण पंच वेगळे, वळणं वेगळी.

खालचा आकडा आदल्याच वर्षाचा असला पाहिजे असंही नाही. १८६१ च्या काही पेनींवर ६ खाली ८ आहे, म्हणजे तिसऱ्या आकड्याच्या जागी चुकून भलताच पंच ठोकून मग दुरुस्त केलेला. १८४८ च्या शिलिंगवर ८ खाली ६ असतो. १८१९ च्या शिलिंगमध्ये १८ वर १९ सापडतो. मात्र विसाव्या शतकात साल मूळ पंचाबरोबरच डायवर यायला लागलं, सुटे आकडे ठोकणं मागे पडलं. जॉर्ज पाचवा, जॉर्ज सहावा ह्यांच्या पेनीवर ‘खालचा आकडा’ दिसला तर आधी दोष समजूनच तपासा.

दुहेरी दिसणारे आकडे

इथे तीन कारणं आहेत. तोच आकडा दोनदा ठोकला असेल तर फक्त त्या एका आकड्याला सावली असते, गोलसर, खऱ्या आकड्यासारख्याच कडांची. शेजारचे आकडे स्वच्छ. ठोका बसताना किंवा सुटताना डाय किंचित सरकली असेल तर सगळे आकडे, जवळची अक्षरं, कधी कडेचे दातेसुद्धा एकाच दिशेला सरकलेले दिसतात आणि ती सावली पायरीसारखी सपाट असते. हे डायमध्ये नसतं, त्या एका नाण्यापुरतं असतं, आणि त्याला वेगळी किंमत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरं म्हणजे कोरी चकती न येताच दोन्ही डाया एकमेकींवर आदळणं. त्यात समोरच्या डायची नक्षी उलटी उमटते आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर तिची उंच बाह्यरेघ येते. तारखेजवळ अनोळखी वळण दिसलं तर दुसऱ्या बाजूचा फोटो आरशात पाहावा तसा उलटा करून, दोन्ही बाजू जशा एकमेकींसमोर असतात त्या कोनात ठेवून पाहा. कित्येक ‘खालचे आकडे’ तिथे राणीच्या खांद्याची रेघ किंवा एखाद्या अक्षराचा पाय निघतात.

जॉर्ज पाचव्याच्या १९११ पासूनच्या पेनींवर ब्रिटानियाभोवती राजाच्या डोक्याची पुसट छाया दिसते, ती ह्यातली नव्हे. तो चेहरा इतका उंच होता की छापताना धातू तिकडे खेचला जायचा आणि मागची बाजू तिथे बसायची. ती मऊ, खोलगट छाया असते, तिला धारदार रेघ नसते. त्यासाठीच पुढे १९२० च्या दशकात चेहऱ्यात बदल करावे लागले.

दुसरं नाणं शोधा

इतकं करूनही शंका उरतेच. तेव्हा मी थांबते आणि त्याच डायमधून आलेलं दुसरं नाणं शोधते. लिलावांचे जुने फोटो, मित्रांचे संग्रह, जुन्या बाजारातल्या ढिगातली झिजकी पेनी, काहीही चालेल. डाय तीच आहे हे आकड्यांमधल्या अंतरावरून आणि प्रत्येक आकडा कडेच्या कुठल्या दात्यासमोर येतो त्यावरून कळतं. दात्यांशी जुळवणं हे सगळ्यांत भरवशाचं, कारण हाताने ठोकलेला आकडा दुसऱ्या डायवर नेमका त्याच जागी पडणं फार अवघड.

दुसरं नाणं मिळालं आणि त्यावर खूण नसेल, डाय मात्र नक्की तीच असेल, तर काय? तर ती खूण निदान डायच्या जन्मापासूनची नाही. आणि खूण दोन्हींवर असेल तर ती लहान-मोठी होते का ते पाहा. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत निर्णायक आहे. तडा आणि टवका हे डायचं दुखणं असतं, काम करेल तसं ते वाढत जातं. आज बारीक रेघ, पुढच्या नाण्यांवर ती अक्षरापर्यंत, मग कडेपर्यंत. खालच्या आकड्याचं उलटं. तो डायमध्ये पहिल्या दिवसापासून असतो, आधीच घासून उथळ केलेला, आणि डाय झिजते किंवा पुन्हा घासली जाते तसा तो पुसट होत जातो.

माझ्या १८६५ च्या पेनीच्या डायची आणखी दोन नाणी मला फोटोत सापडली. एकावर ५ च्या पोटातला उंचवटा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा, दुसऱ्यावर माझ्यापेक्षा मोठा, आणि त्यातून निघालेली बारीक रेघ थेट आकड्यांच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत गेलेली. तीन नाणी ओळीने ठेवल्यावर वाद उरला नाही.

दोष निघाला म्हणजे नाणं टाकाऊ, असंही समजू नका. १८९७ च्या पेनीचा ‘वन’ मधल्या ‘ओ’ आणि ‘एन’ च्या मध्ये ठिपका असलेला प्रकार, किंवा १९४६ ची ‘वन’ नंतर स्वल्पविरामासारखी खूण असलेली पेनी, दोन्ही डायच्या दोषातून आलेल्या आहेत आणि संग्राहक त्या हौसेने शोधतात. फक्त विकताना दोष म्हणून विका.

काही खुणा तर मुद्दाम केलेल्या असतात. १८६४ ते १८७९ मधल्या शिलिंग आणि सहापेनीवर तारखेच्या वर बारीक आकडा असतो, तो डायचा क्रमांक. पेनीवर तारखेखालचा ‘एच’ म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. १९१८ च्या सोन्याच्या सॉव्हरिनवर (आपण तिला ‘गिनी’ म्हणतो) घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीत इंग्रजी ‘आय’ दिसला तर ती आपल्या मुंबईत पाडलेली, ते अक्षर इंडियाचं. आणि घरी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया असेल तर त्यावरचे ठिपके टवके समजू नका. तेच साल ठेवून पुढची कित्येक वर्षं रुपये पाडले गेले, आणि मुंबई टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून ते ठिपके दिले.

शेवटची, पण कळकळीची विनंती. नीट दिसावं म्हणून नाणं चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायच्या पुडीने घासू नका. घरातली तांब्याची भांडी ह्यानेच लखलखतात, म्हणून हात आपोआप तिकडे जातो, मला माहीत आहे. पण आपण जी खूण शोधतोय ती केसाच्या जाडीची असते. आम्लाने तिची धार जाते, घासल्याने नवे ओरखडे येतात, आणि मग ते नाणं कोणालाच काही सांगू शकत नाही. मळ असेल तर शुद्ध पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला. तेलकट थर असेल तर रसायनांच्या दुकानात मिळणारं शुद्ध ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. न चोळता वाळू द्या. हिरवा गंज आकड्याच्या पोटात बसला असेल तर त्याच्याकडे पाहून काहीही ठरवू नका, गंजाचे फुगवटे हुबेहूब टवक्यासारखे दिसतात.

माझ्या पेनीच्या पाकिटावर आधी मी मोठ्या हौसेने ‘३ वर ५’ लिहिलं होतं. ते खोडलं नाही, त्याखाली तारीख घालून लिहिलं: ‘डायचा टवका, मधली अवस्था. तीन नाणी पाहिली. ५ ची पट्टी कडेच्या दोन दात्यांच्या मधोमध.’ डब्यातल्या उरलेल्या आठांपैकी १८६२ च्या एका पेनीवर ६ चा वरचा दांडा दुहेरी दिसतो आहे. शेजारचे आकडे स्वच्छ आहेत. तिच्या डायचं दुसरं नाणं अजून मिळालेलं नाही, म्हणून त्या पाकिटावर फक्त साल लिहिलं आहे.